चिंतामणच्या मागची भिंत

मला मनातल्या मनात प्रार्थना करता येत नाही. ओठ हलतात, पुटपुटणं बाहेर पडतं, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या बाईला मी देवाकडे काय मागतेय ते स्वच्छ ऐकू जातं. लहानपणापासूनची खोड आहे. आई यावरून चिडायची, लग्नानंतर सासूबाई चिडल्या, पण आता साठीला टेकल्यावर काय सुटणार ती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

उज्जैनला नदीच्या पलीकडे, गावाबाहेर चिंतामण गणेशाचं देऊळ आहे. तिथे एक रीत आहे. देवाकडे काही मागायचं असलं तर देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवाने उलटं स्वस्तिक काढायचं. मागितलेलं मिळालं की परत येऊन सरळ काढायचं. कुणी नोकरी मागतं, कुणी मूल, कुणी कोर्टाचा निकाल. भिंतीवर इतकी उलटीसुलटी स्वस्तिकं असतात की दुसऱ्या दिवशी आलं तरी आपलं कुठलं ते सापडत नाही. मधूनमधून देवळातली माणसं भिंत धुऊन काढतात आणि लोक ती पुन्हा भरतात.

त्या भिंतीवर एकोणीस वर्षांपूर्वी मी एक उलटं स्वस्तिक काढलं. एका माणसाचं वाटोळं व्हावं म्हणून.

माझा नवरा इथल्या एका खासगी शाळेत गणित शिकवायचा. मी त्यांना घरात ‘मास्तर’ म्हणते. आधी चेष्टेने म्हणायचे, मग तेच तोंडात बसलं. मास्तरांचे आजोबा शिक्षकाच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. मी साताऱ्याची, लग्न होऊन आले, आणि इथल्या एका बँकेत कारकून म्हणून लागले. सुरुवातीला भाजीवालीशी हिंदी बोलताना घाम फुटायचा. आता माहेरी गेले की माझं मराठी ऐकून बहिणी हसतात.

दुसरा माणूस मास्तरांच्याच शाळेतला. मराठीच, वयाने मास्तरांएवढाच, आमच्याकडे सणावाराला जेवायला येणारा. सगळं गाव त्याला ‘सर’ म्हणायचं, म्हणून मीही इथे सरच म्हणते. मनात मी त्याला काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी दहावीच्या परीक्षेचं केंद्र त्यांच्या शाळेत होतं. प्रश्नपत्रिकांचे लाखेचं सील लावलेले गठ्ठे एका लोखंडी कपाटात ठेवले होते. कपाटाच्या दोन किल्ल्या. एक मास्तरांकडे, एक सरांकडे. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर एका गठ्ठ्याचं सील तुटलेलं. सरांनी लगेच लेखी जबाब दिला की काल संध्याकाळी सातच्या सुमाराला आपण मास्तरांना कपाटापाशी पाहिलं.

काल संध्याकाळी सात वाजता मास्तर घरी होते. लेकीचा आठवा वाढदिवस होता. आणि सरही आमच्याच घरी होते! पाटावर बसून श्रीखंड-पुरी जेवले, दोनदा श्रीखंड मागून घेतलं, वहिनी तुमच्या हाताला चव आहे म्हणाले, आणि साडेसातला “जरा काम आहे” म्हणून उठून गेले. चौकशीला आलेल्या माणसांना मी हे सगळं सांगितलं. बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार, असं म्हणून त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. साक्षीला दुसरं कोण होतं, तर सासूबाई आणि तोंडाला श्रीखंड लागलेल्या सात-आठ पोरी.

जुने मुख्याध्यापक दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि नंबर मास्तरांचा होता. मास्तर निलंबित झाले आणि ती खुर्ची सरांना मिळाली. त्या तुटलेल्या सीलमागे एवढीच गोष्ट होती.

निलंबनानंतर मास्तर रोज सकाळी दहाला डबा घेऊन घरून निघायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं माहीत होतं, तरीही इस्त्रीचा शर्ट घालून, पेन खिशाला लावून निघायचे आणि संध्याकाळी पाचला परत यायचे. कुठे जाता म्हणून मी विचारलं नाही. एक दिवस बँकेतून अर्धी रजा काढून त्यांच्या मागे गेले. रामघाटावर, पिंडदानाला आलेल्या माणसांच्या गर्दीपासून जरा बाजूला, एका पायरीवर बसले होते. डबा उघडलेला. पोळीचे सारखे तुकडे करून एक स्वतःच्या तोंडात घालत होते आणि एक माशांना टाकत होते. गणिताचा माणूस, तुकडेही अगदी मापात. मी त्यांना न भेटता घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

त्याच आठवड्यात मी चिंतामणला गेले.

खरं तर हे काम कालभैरवाचं. तो या गावाचा कोतवाल. भैरवगढला जाऊन त्याच्यापुढे गाऱ्हाणं घाल, असं शेजारणीने सांगितलंही होतं. पण तिथे नैवेद्याला दारू लागते. देवळाबाहेर नारळ-फुलांच्या टोपलीत बाटली ठेवून मिळते, पण ती टोपली हातात घेऊन जाताना कुणी ओळखीचं भेटलं तर? सासूबाईंच्या कानावर गेलं तर? अंगाची आग आग होत होती, तरी मी बाटलीला घाबरले. म्हणून गणपतीकडे गेले. ज्या देवाला सगळं जग विघ्नं दूर कर म्हणून हात जोडतं, त्याच्याकडे मी विघ्न मागायला गेले. अशी अक्कल आमच्यासारख्या घरातच सुचते.

बुधवार होता, चैत्रातला, म्हणजे जत्रेचा. गर्दी होती. मास्तर म्हणाले, मीही येतो, घरी बसून काय करू. ते लेकीचा हात धरून मागे दहा पावलांवर उभे राहिले. मी अंगठा कुंकवात बुडवून भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं आणि डोळे मिटून म्हणाले, “त्या घराला सुख लागू देऊ नकोस. घरात कुणाला म्हणजे कुणालाच नको. वाटोळं कर.” डोळे उघडले तेव्हा शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. मराठी कळत नसावं तिला, पण सूर कळला असणार.

त्यानंतर सरांचं जे काही भलं व्हायला लागलं ते विचारू नका.

मुख्याध्यापक तर झालेच. मग क्लास काढला, तो इतका चालला की पोरं जिन्यावर बसून शिकायची. मग नानाखेड्याला बस स्टँडपासून जरा आत तीन मजली घर बांधलं, दारावर पितळी पाटी. आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली, पेपरात फोटो आला. पांढरी मोटार आली. त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. माझी मावशी त्याच ऑपरेशननंतर तीन वर्षं लंगडत होती; सरांची बायको महिन्याभरात जिने चढायला लागली. हेही मला कळायचं. गावात मराठी माणसं मोजकी, हळदीकुंकवाला गेलं की सगळ्या बातम्या वाटीतल्या खिरापतीबरोबर हातात पडतात.

इकडे चौकशी चार वर्षं चालली. शेवटी ‘आरोप सिद्ध होत नाही’ असा कागद आला आणि मास्तर पुन्हा रुजू झाले. पण त्यांना वर्ग दिला नाही, ग्रंथालयात बसवलं. निवृत्तीपर्यंत त्यांनी पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. सर रोज समोरून जायचे, “काय, बरं ना?” विचारायचे, आणि मास्तर “बरं” म्हणायचे. हे मास्तर मला घरी येऊन सांगायचे तेव्हा हातातलं लाटणं कुणाच्या तरी डोक्यात घालावंसं वाटायचं, बहुतेक मास्तरांच्याच.

मी मात्र वाट बघत होते. एकदा कीर्तनात बुवांनी सांगितलं होतं की दुष्टाची भरभराट दिसते ती त्याच्या मागच्या जन्मीच्या पुण्याईवर चाललेली असते. ती संपली की देव हात काढून घेतो. ते मी पदराला गाठ मारून घरी आणलं. सरांची पुण्याई म्हणजे मला स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर वाटायचा. आत किती उरलंय ते दिसत नाही. हलवून बघायचं, अंदाज करायचा. आज ना उद्या ज्योत पिवळी पडेल आणि विझेल. नवी मोटार आली म्हटल्यावर मी स्वतःला सांगायचे, जळू दे, तेवढं लवकर संपेल. कबूल करते, त्या वर्षांत या विचारावर मी बरी जगले. बँकेत काम केलं, सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं, लेकीला इंजिनिअर केलं.

यंदा एका रविवारी मी मेथी निवडत बसले होते. लेक समोर येऊन बसली आणि न बोलता माझ्याबरोबर मेथी निवडायला लागली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ही मुलगी मेथीला हात लावत नाही. ती इंदूरला नोकरी करते, रोज नानाखेड्याहून बसने अप-डाउन. त्याच बसला रोज एक मुलगा असायचा. आधी जागा धरून ठेवणं, मग डबा वाटून खाणं, मग पुढचं.

“आई, एक सांगू? ओरडू नको पहिले.”

“काय झालं?”

“लग्न करायचंय.”

मला आनंद झाला. अठ्ठाविसावं चालू होतं तिला, आणि मी वरसंशोधनाच्या नादात चार जणांशी भांडून बसले होते. “कोण गं? कुणाचा?” म्हणाले. तिने सांगितलं. सरांचा मुलगा.

मेथीची जुडी माझ्या मांडीवरून खाली पडली. “त्या घरात?” एवढंच बोलले.

“मला सगळं माहीत आहे, आई. बाबांनी सांगितलेलं. त्यालाही माहीत आहे. तो त्याच्या बाबांशी या गोष्टीवरून दोन महिने बोलला नव्हता. आता तूच बघ ना, त्याची काय गलती यात?”

मास्तर दारात उभे होते. त्यांच्याकडे पाहिलं तर ते म्हणाले, “मुलगा चांगला आहे.” म्हणजे यांना आधीच माहीत होतं. माझ्याच घरात सगळ्यात शेवटी बातमी मला.

लेकीला वाटलं मी रागावले आहे. आठ दिवस ती माझ्या पुढेमागे करत होती, चहा करून देत होती. “अजून राग आहे ना तुला? असेल तर सरळ बोल ना यार.” राग असता तर बरं झालं असतं. रागाची मला सवय आहे, राग मला पचतो. ही भीती होती. एकोणीस वर्षं ज्या घराचं वाटोळं मागितलं, त्या घरात माझी लेक उंबरठा ओलांडून जाणार होती. घरात कुणाला म्हणजे कुणालाच सुख नको, असं मी बजावून सांगितलं होतं. त्या ‘कुणालाच’मध्ये आता ती येणार.

आणि देवाने इतकी वर्षं काही केलं नव्हतं हीच सगळ्यात मोठी भीती. केलं असतं तर होऊन गेलं असतं. म्हणजे ते अजून व्हायचंच आहे. सिलिंडर कधी संपतो? घरात पाहुणे असतात आणि कढईत तेल तापलेलं असतं तेव्हा. सरांची पुण्याई नेमकी माझ्या लेकीच्या लग्नाच्या सुमाराला संपणार, याबद्दल मला खात्रीच वाटायला लागली. मोटार दिसली की अपघात दिसायचा. तिसऱ्या मजल्याची गच्ची दिसली की कठडा ठेंगणा वाटायचा. मुलगा दोनदा शिंकला तर मी त्याला डॉक्टरकडे जा म्हणाले. लेक खूश झाली, आईला जावई आवडला म्हणून.

कुणाला सांगावं? लेकीला सांगणं शक्य नव्हतं. मास्तरांना सांगायचं तर ते काय म्हणतील याची लाज वाटत होती. या माणसाने कधी कुणाचं वाईट चिंतलेलं मी पाहिलं नाही, आणि त्यांच्यासाठी म्हणून मी जे मागितलं ते ऐकून ते माझ्याकडे कसं बघतील, या विचाराने घास उतरत नव्हता. चिंतामणला जाऊन रद्द करून यावं म्हटलं, तर तिथे रद्द करायची रीतच नाही. उलटं काढलं की एकच वाट, काम झालं म्हणून सरळ काढायचं. काम झालेलं नव्हतं. सर तर चांगले टुणटुणीत होते. झालं म्हणून सांगायचं म्हणजे देवाशी खोटं बोलायचं, आणि ते ऐकून त्याला अर्धवट राहिलेलं काम आठवलं म्हणजे? एवढ्या स्वस्तिकांत विसरलाही असेल तो. उगाच आठवण कशाला करून द्या. अशी मी महिनाभर स्वतःशीच घासाघीस करत होते.

साखरपुडा त्यांच्याच घरी ठरला. खालच्या मजल्यावर, जिथे क्लास चालतो तिथे बाकं काढून सतरंज्या टाकल्या होत्या. सकाळी अकराचा मुहूर्त. मी नव्या साडीत, पाय ठेवते तिथे जमीन हलेल अशा बेताने चालत होते. सर पुढे आले, हात जोडून “या वहिनी” म्हणाले. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. शिव्या देण्यासाठी जो चेहरा मनात धरून ठेवला होता तो तरुण माणसाचा होता.

अंगठ्या घालून झाल्या, औक्षण झालं, पानं वाढली. श्रीखंडच होतं. सरांनी पहिल्या पंगतीत बसून चांगला समाचार घेतला, आणि उठून हात धुवायला जाताना मध्येच थांबले. एक हात छातीवर, दुसरा भिंतीवर. कपाळावर घाम.

मी कशी पळाले मला आठवत नाही. त्यांची बायको होती, मुलगा होता, सगळं घर होतं, पण पहिली मी पोचले. दंड धरला, खुर्ची ओढली, बसवलं, पदराने वारा घालायला लागले. तोंडाने माझं चालू होतं, “काही नाही होत, काही नाही, श्वास घ्या, मोठा घ्या.” मनात एकच, आत्ता नको. देवा, आत्ता नको, आज नको, या घरात नको. मुलगा गाडी काढायला धावला. सरांनी माझा हात पकडला. डोळ्यांत पाणी होतं.

“वहिनी,” ते म्हणाले, “तेव्हा मी जे... मास्तरांच्या बाबतीत मी...”

“गप्प बसा!” मी ओरडले. “आत्ता काही बोलायचं नाही. पाणी प्या.”

मरताना माणसं अशी बोलतात ना. ते बोलले तर मरतील असंच मला वाटलं. मी पेला त्यांच्या तोंडाला लावला आणि त्यांच्या बायकोला ओव्याचं गरम पाणी आणायला सांगितलं. ते प्यायले, पाच मिनिटं डोळे मिटून बसले, आणि मग एवढी मोठी ढेकर दिली की सगळ्या पाहुण्यांनी वळून बघितलं. डॉक्टरकडे नेलं, त्याने ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि गॅस झाला म्हणाला, श्रीखंड जरा कमी खात चला. सर हसत परत आले. ते अर्धं वाक्य त्यांनी पुन्हा काही काढलं नाही. एकोणीस वर्षांत एकदा तो माणूस माफी मागायला निघाला होता, आणि मीच त्याला गप्प बसा म्हणाले.

परतताना ई-रिक्षात मी आणि मास्तर दोघंच होतो. लेक मागून येणार होती. आता सांगितलं नाही तर आपणच कुठेतरी कोसळू असं वाटून मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. भिंत, स्वस्तिक, काय मागितलं, महिनाभर कशी मरतेय. ते ऐकत होते. मग म्हणाले, “मला माहीत आहे ना.”

“काय माहीत आहे?”

“मी मागेच उभा होतो त्या दिवशी. तू मनात कधी बोलतेस?”

मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले, “दुसऱ्या दिवशी मी सायकलने गेलो होतो. तुझं कुठलं ते काही दिसेना. म्हणून तिथेच एक नवीन सरळ काढून आलो. काम झालं म्हणून.”

“म्हणजे तुम्ही ते दुसऱ्या दिवशीच...?” माझा आवाज चढला. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. “म्हणजे एकोणीस वर्षं मी तिकडे वाट बघत बसले, आणि तुम्ही! ते तीन मजले, ती मोटार, ती शाल, तो बायकोचा गुडघा, सगळं तुम्ही दिलंत त्याला?”

“गुडघा डॉक्टरने केला,” मास्तर म्हणाले.

मी त्यांच्याशी पुढचे दोन चौक बोलले नाही. इतका राग मला सरांचाही कधी आला नव्हता. पोळीचे तुकडे माशांना टाकणारा हा माणूस, ज्या सरांनी त्याला निवृत्तीपर्यंत पुस्तकांना कव्हरं घालायला लावलं, त्यांच्याचसाठी सायकल मारत नदीपलीकडे गेला. मला सांगितलंही नाही. विचारलंच शेवटी, “का?”

“तू म्हणालीस, घरात कुणालाच नको. त्या घरात हा पण होता ना. सहावीत होता. मार्चपर्यंत माझ्याच वर्गात. अपूर्णांकात अडायचा, पण मन लावून करायचा. त्याने काय केलं होतं?”

एकोणीस वर्षांत मला त्या मुलाची एकदाही आठवण झाली नव्हती. अकरा वर्षांचं पोर, माझ्या लेकीहून तीनच वर्षांनी मोठं, आणि मी गणपतीला बजावून सांगितलं होतं की त्यालाही सोडू नकोस. आणि भीती वाटायला लागली ती केव्हा, तर माझी स्वतःची मुलगी तिथे जायची झाली तेव्हा. मला लाज वाटली. रडूही आलं, पण लाज जास्त.

“मग आता मी सरळ काढू की नको?” मी विचारलं. “तुमचं एक झालंय.”

“काढ की. दोन झाले तर काय बिघडतं.”

बुधवारी आम्ही दोघं चिंतामणला गेलो. भिंत नुकतीच धुतलेली होती, खालच्या बाजूला थोडी जागा रिकामी. मी वाकून जागा बघत होते तेव्हा देवळातला म्हातारा पुजारी आला. “माताजी, काम हुई ग्यो कईं?”

मी मास्तरांकडे पाहिलं. ते नारळाची शेंडी सोलण्यात गुंतले होते.

“हाँ, हो गया,” मी म्हणाले.

“बढ़िया, बढ़िया,” म्हणून पुजारी पुढे गेला. मी अंगठा कुंकवात बुडवला. स्वस्तिकाचा एक हात जरा तिरका आला. डोळे मिटले आणि तेच शब्द आठवत आठवत सुरू केलं, “त्या घराला सुख लागू दे. घरात कुणाला म्हणजे कुणालाच काही होऊ देऊ नकोस. मुलाला सांभाळ. लेकीला सांभाळ. तिच्या सासूला...” इथवर आले आणि जीभ अडली. पुढचं नाव येईना. भीती होती तरी येईना. डोळ्यांपुढे ती घाटावरची पायरी आली आणि पोळीचे मापात केलेले तुकडे.

मागे मास्तर उभे होते, तेवढ्याच अंतरावर.

“आणि सरांना,” मी म्हणाले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.